तिरका छेद

आठवडी बाजाराचं मैदान खरचटलं, ते बाजार उठल्यावर, संध्याकाळच्या सुमारास. ओरखडा कुणी काढला ते कळलं नाही. पाण्याच्या टाकीपासून नाल्याच्या कडेपर्यंत वरची माती सोलून निघाली आणि खालचं लालभडक, ओलसर अंग उघडं पडलं. गुडघा फुटल्यावर दिसतं, तसंच. वारा लागला की मैदान चुरचुरायचं, आणि मैदान चुरचुरलं की अख्ख्या गावाच्या डोळ्यांत पाणी यायचं. हॉटेलात चहा पिणारा माणूस मध्येच कप खाली ठेवून "स्स" करायचा. शाळेतली पोरं बाकावर डोकी टेकून बसायची. हे असं कसं झालं, म्हणून कुणी विचारलं नाही. एवढं दुखत असताना असले प्रश्न सुचत नाहीत.

नगरपालिकेने आधी घरगुती उपाय केला. ओव्हरसियर बिरंजे साहेबांनी पेठेतून ट्रॅक्टरभर हळद मागवली आणि फावड्यांनी मैदानावर पसरायला लावली. त्या दुपारी गाव काय रडलं म्हणता! हळदीने रक्त थांबलं, पण कातडी काही धरेना. मग साहेबांनी खालची कामं उरकून घेतली. मैदान ओढून धरायला तालमीतले पैलवान खाली उतरवले. त्यांना एकमेकांशी बांधून ठेवायला दोर वळणारी माणसं गेली, ती आपल्याच अंगातून दोर काढून बांधत बसली. कळ कुठे उठते ते घराघरात कळवायला विजेच्या खांबांवर चढणारे तारवाले गेले आणि हातपाय लांबच लांब करून गल्लीबोळांच्या खालून पसरले. आता राहिलं होतं ते वरचं अस्तर. अस्तर म्हणजे माणसंच, दुसरं काय घालणार? घरटी एक माणूस द्यायचं ठरलं.

जयमाला चौगुले गावातल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. लग्न केलं नव्हतं. घरात ती आणि तिची आई आंबूबाई, दोघीच. घरटी एक म्हटल्यावर जायला पाहिजे होतं जयमालानेच. आई थकलेली, गुडघे धरून उठणारी. पण आंबूबाई सकाळीच लुगडं बदलून दारात येऊन उभी राहिली.

"तू गेलीस तर कालिज कोण बघणार?" ती म्हणाली. "मी जाते. हितं खाटंवर बसून काय करतीया मी? तितं चार माणसं तरी दिसतील."

"आई, तिथे बसायचं नाही. उभं राहायचंय."

"ऱ्हाईन की उभी. सगळा जल्म उभ्यानंच गेला माझा."

जयमालाने एकदा "नको" म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं नाही. परीक्षा तोंडावर होत्या, प्रात्यक्षिकं अर्धीच झाली होती. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं म्हणून दिवसभर स्वतःचाच राग येत राहिला.

आंबूबाईला टाकीच्या बाजूला, अगदी कडेला जागा मिळाली. चपला काढून तिने त्या लाल अंगावर पाय ठेवला, एकदा तोंड वाकडं केलं, आणि पाय चिकटला. तिच्या शेजारी केळीवाले इब्राहिम बागवान उभे होते. गावात सगळे त्यांना चाचा म्हणत. पाठीमागून आणखी माणसं आली, तीही चिकटली. मग सगळे असे काही दाटले की दोघांच्यामध्ये सुई घालायलासुद्धा जागा उरली नाही. आंबूबाईच्या लुगड्याचा काठ चाचांच्या लुंगीला आपोआप शिवला गेला.

दोन दिवसांत ज्याला जसा दाब बसला तसा ज्याचा त्याचा आकार झाला. बागवान चाचा मुळातच ठेंगणे आणि रुंद, ते चारी बाजूंनी सारखे होऊन चौकोनी बसले. मधल्या गर्दीतली माणसं उंच उंच होऊन खांबांसारखी उभी राहिली. पार पलीकडे ज्यांना आडवं व्हायला जागा मिळाली ती फरशीसारखी पसरली. नाल्याच्या कडेच्या माणसांचे केस तर वारा नसतानाही एकाच दिशेला हलायचे आणि मैदानावरची धूळ हळूहळू नाल्याकडे सारायचे. जयमाला रोज डबा घेऊन जायची तेव्हा हे सगळं बघायची, आणि तिला यातलं काहीच नवीन वाटायचं नाही. दरवर्षी ती हेच तर शिकवायची. पेशींची एकच रांग असली तर एकेरी अस्तर, थरावर थर असले तर स्तरित. चपट्या असल्या तर पट्टकी, चौकोनी असल्या तर घनाभ, उभट असल्या तर स्तंभी. आणि थर असतील तेव्हा नाव पडतं ते सगळ्यात वरच्यांच्या आकारावरून. खालच्या कशाही असोत, त्यांना कुणी विचारत नाही.

डबा मात्र रोज तसाच परत यायचा.

"दोडक्याची भाजी आहे, आई. तुझ्या आवडीची."

"भूकच न्हाई गं मालू. पायातनं येतंय."

"काय येतंय?"

"काय ते ठावं न्हाई. गरम हाय. आमटीगत."

हेही जयमालाला माहीत होतं. अस्तराला स्वतःची रक्तवाहिनी नसते. जे काय मिळायचं ते खालून, पायातून. ज्याचा पाय जमिनीला टेकलेला त्याचं पोट भरलेलं. आईचा पाय टेकलेला आहे, तिचं बरं चाललंय, असं म्हणून ती डबा तसाच घेऊन घरी यायची आणि दोडक्याची भाजी रात्रीला स्वतः खायची.

मैदान दुखायचं थांबलं. गावाच्या डोळ्यांतलं पाणी आटलं. पण बाजार बंद होता तो होताच. लोक मिरचीच्या ठेच्यावर दिवस काढत होते आणि येता-जाता बिरंजे साहेबांना टोमणे मारत होते. शेवटी एका सकाळी साहेब स्वतः कॉलेजात आले आणि जयमालाला वर्गातूनच घेऊन गेले.

"बाई, तुमचा विषय आहे म्हणून तुम्हाला तसदी देतोय," ते वाटेत म्हणाले. "अस्तर एकेरी आहे का थरांचं, तेवढं सांगा. एकेरी असलं तर त्याच्यावर पाय द्यायचा नाही, फाटणार. थरांचं असलं तर प्रश्नच मिटला. वर बाजार भरला तरी वरचे झिजतात, झडतात, खालून नवे येतात. तळपायाची कातडी तशीच असते ना? तोंडातली?"

"हो, तशीच असते."

"मग झालं तर. बघा आणि नाव सांगा."

साहेबांनी तिला टाकीच्या जिन्यावर नेलं, सगळं मैदान एका नजरेत यावं म्हणून. जयमाला जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी राहिली आणि तिने खाली पाहिलं. उन्हं तिरपी होती. डोक्यांवर खांदे दिसत होते, खांद्यांवर डोकी, त्यांच्यावर आणखी खांदे. तीन-चार थर तरी सहज होते, आणि सगळ्यात वर टाळकी चपटी. तिकडे प्रयोगशाळेत पोरं सूक्ष्मदर्शक लावून खोळंबली होती.

"स्तरित पट्टकी," ती म्हणाली.

"म्हणजे थरांचं."

"हो. थरांचं."

"उपकार झाले बघा तुमचे," साहेब म्हणाले, आणि भराभरा जिना उतरले.

आता यात गंमत अशी की, काप घ्यायला मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा तिरका बसला, तर पातंही तिरकं चालतं आणि सरळ एकेरी रांगसुद्धा थरांची दिसायला लागते, हे जयमालाइतकं गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. याच चुकीसाठी तिने किती पोरांच्या वह्या फेकल्या होत्या. "नाव ठेवायच्या आधी छेद सरळ आहे का ते बघा, डोळे आहेत का बटणं?" असं ती ओरडायची. आणि त्या दिवशी ती स्वतः तिरक्या जिन्यावर उभी राहून, तिरक्या उन्हात, तिरकी मान करून नाव ठेवून आली. प्रयोगशाळेत पोचली, पोरांना दोन स्लाइड दाखवल्या. तिसऱ्या स्लाइडवर भिंग ठेवलं तेव्हा तिला टाकीचा जिना आठवला. ती चष्मा टेबलावरच टाकून बाहेर पळत सुटली.

तोपर्यंत भोंग्याची रिक्षा निघाली होती.

"तमाम नागरिकांना कळविण्यात येते की, मैदानावरील अस्तर स्तरित पट्टकी आहे. येत्या बाजारापासून मैदान खुले राहील."

या गावात भोंग्यावर पुकारलेलं मागे घ्यायची रीत नाही. मागे एकदा "आज पाणी येणार नाही" असं पुकारलं आणि पाणी आलं, तर कुणी घागर लावली नाही. पाणी नळाखाली धो धो वाहून गेलं आणि लोक दारात उभे राहून बघत राहिले. पुकारलं म्हणजे पुकारलं. रिक्षा मैदानावरून गेली तसा मैदानातून चादर झटकल्यासारखा आवाज झाला. जड माणसं खाली दबली, हलकी वर सरकली. आंबूबाई तर काय, चिपाड झालेली. ती सगळ्यात वर गेली. चाचा तिच्या पायाखाली राहिले.

बाजाराच्या दिवशी जयमाला पहाटेपासून तयार होती. ती मैदानावर पोचली तेव्हा बाजार भरला होता. तागडी, पोती, पाट्या, सगळं नेहमीसारखं. फक्त खाली माती नव्हती, माणसं होती. चपला काढून, पाऊल जपून टाकत ती टाकीच्या बाजूला गेली. आईच्या खांद्यावर एका बाईने पोतं अंथरून मेथी मांडली होती.

"घ्या की ताई, कवळी हाय," बाई म्हणाली.

"खाली माझी आई आहे."

"आसंल की. माझा नवरा तिकडं वांग्याखाली हाय. किती पेंड्या दिऊ?"

जयमालाने पोत्याचं एक टोक उचललं. आईचा चेहरा परातीएवढा पसरला होता आणि पातळ झाला होता. नाकाची उंची नावाला उरली होती. डोळे मात्र तेच होते.

"मालू, तहान लागलीया गं."

"पायातून येत नाही का आता?"

"थेंब थेंब येतंय. मदी चाचा हायत न्हवं."

जयमालाने पाण्याची बाटली आईच्या ओठांना लावली. पाणी आत गेलं नाही, चेहऱ्यावरून घरंगळलं आणि मेथीखाली गेलं. मेथीवाली कुरकुरली. जयमाला तिथेच उकिडवी बसून राहिली. तिला मोठ्याने रडायचं होतं, पण बाजारात लोक वळून बघतात, म्हणून ती पदर तोंडात धरून बसली.

संध्याकाळी बाजार उठला आणि खराटे घेऊन झाडूवाल्या आल्या. पालापाचोळा, कांद्याची सालं, आणि त्यांच्याबरोबर वरच्या थरातून सुटलेली माणसं. ती कागदाइतकी पातळ झाली होती, डोळे मिटलेले, खराटा लागला की खसखस वाजायची. सगळं ट्रॉलीत भरून नदीकाठी न्यायचं होतं. ट्रॉलीभोवती लोक वाकून आपापलं शोधत होते. एका बाईने एक वर काढलं, उजेडाकडे धरून पाहिलं, "हे आमचं," म्हणाली, आणि चार घड्या घालून भाजीच्या पिशवीत ठेवलं.

आंबूबाई अजून सुटली नव्हती. तिची एक बाजू मात्र उचकटली होती.

जयमाला तशीच बिरंजे साहेबांच्या घरी गेली. साहेब ओसरीवर बसून नव्या बाजारची वांगी निवडत होते.

"साहेब, माझं चुकलं. मी तिरकं बघितलं. ते एकेरी आहे."

"असं कसं? थर मी माझ्या डोळ्यांनी बघितले."

"तुम्हीही तिरकंच बघितलंत. साहेब, तुमच्या पाया पडते, पुकार फिरवा. तिथे माझी आई आहे."

साहेबांनी एक किडकं वांगं बाजूला ठेवलं. माणूस वाईट नव्हता तो. त्यांचा सख्खा भाऊ मैदानाच्या मधोमध उभा होता.

"सरळ छेद घेऊन दाखवा," ते म्हणाले. "एकेरी निघालं तर मी स्वतः भोंगा धरतो. मग तर झालं?"

पुढच्या बाजारच्या दिवशी, दुकानं मांडायच्या आत, जयमाला प्रयोगशाळेतलं छेद घ्यायचं पातं फडक्यात गुंडाळून मैदानावर आली. एकदा वरून खालपर्यंत सरळ काप घेतला की प्रत्येकाचा पाय कुठे आहे ते दिसणार होतं. कडेला बसून तिने पातं आई आणि शेजारचं माणूस यांच्या मधोमध टेकवलं. पण मध्ये जागाच नव्हती. पातं सरळ न्यायचं तर कुणाच्या तरी अंगातूनच जाणार होतं.

"काय करतीयास?" आंबूबाईने विचारलं. तिच्या आवाजाला आता खसखस येत होती.

"तुझा पाय जमिनीला टेकलाय का ते बघते."

"टेकलाय की. उजवा अंगठा टेकलाय."

जयमालाने पातं जरासं दाबलं.

"आई गं," आंबूबाई म्हणाली.

मेणातला तुकडा कधी असं म्हणत नाही. आजवर हजारो काप घेतलेल्या जयमालाने हात मागे घेतला. तिने पातं पिशवीत टाकलं, जमिनीवर पालथी पडली, गाल मातीला लावला आणि आईच्या उचकटलेल्या बाजूखालच्या फटीतून आत पाहिलं.

आईचा डावा पाय अधांतरी होता. उजवा पायही वरच होता, पण त्याचा अंगठा ताणला गेला होता. ताणून ताणून सुताएवढा बारीक होऊन तो चाचांच्या पाठीमागून खाली आला होता आणि लाल जमिनीला जेमतेम शिवला होता. आईच्या पायावर लहानपणी गोंदलेला विंचू होता. तोही त्या सुताबरोबर लांबून एक हिरवी रेघ झाला होता. जयमालाने नजर पुढे नेली. आत, लांबवर, प्रत्येकाचं असंच होतं. जो तो कुठेतरी वर अडकलेला, पण प्रत्येकाच्या पायाचं एक सूत खाली आलेलं, जमिनीला धरून असलेलं. सगळं मैदान एकेरी होतं. थर दिसत होते ते नुसते दिसत होते.

तिला इतका आनंद झाला की ती पालथी पडल्या पडल्याच हसली. मग उठून धावत जाऊन साहेबांना घेऊन आली. साहेब गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, बॅटरी लावून आत बघितलं.

"आहेत की सुतं," ते म्हणाले.

"म्हणजे एकेरीच आहे ना? बाजार थांबवा साहेब. आता पोती पडली की ती तुटणार."

साहेब सावकाश उठले. मैदानाच्या तोंडाशी टेम्पो येऊन उभे होते, हॉर्न वाजवत होते.

"बाई, लोकांनी ठेचा खाऊन दिवस काढलेत. आता सुतासाठी बाजार बंद ठेवू?"

"सूत नाही ते. माझी आई आहे."

"माझा भाऊ नाही का तिथे? पण पुकारलंय." त्यांनी बॅटरी बंद केली. "आणि नाव तुम्हीच दिलंत."

टेम्पो आत शिरले. बाजार मांडायला सुरुवात झाली. पोतं खाली टाकलं की आतून गवारीची शेंग मोडल्यासारखा बारीक आवाज यायचा. टक. मग दुसरीकडे, टक. बाजाराच्या गलक्यात तो कुणाला ऐकू गेला नसेल. जयमालाला प्रत्येक आवाज ऐकू येत होता. बटाट्याची पोती आता टाकीच्या बाजूला उतरायला लागली होती. हमाल पाठीवर पोतं घेऊन नेमका आईच्या दिशेने येत होता.

घरटी एक, असं ठरलं होतं. चौगुल्यांचं एक माणूस आधीच दिलेलं होतं. जयमालाने त्याचा विचार केला नाही. तिने पिशवी टाकीच्या कडीला अडकवली, चपला काढून ठेवल्या, साडी खोचली आणि पाय पुढे करून त्या फटीत शिरली.

"चाचा, जरा सरका."

"सरकायला कुठं जागा हाय, बेटी?" चाचा म्हणाले. पण त्यांनी अंग चोरलं. "ये, ये. अशीच ये."

पाऊल लाल जमिनीला लागलं आणि टाळूपर्यंत आग गेली. मग पाय चिकटला आणि आग थांबली. खालून काहीतरी गरम वर चढायला लागलं. त्याला हळदीची आणि लोखंडी तव्याची चव होती. त्याच्याही खाली पैलवान धापा टाकत होते, ते तिला तळव्यांतून जाणवलं. जयमालाने हात वर करून आईची दोन्ही पावलं धरली आणि आपल्या खांद्यांवर टेकवली. तेवढ्यात वर पोतं आदळलं. टक झालं. हिरवी रेघ तिच्या गालावरून सुटून खाली गेली. पण आईचे पाय आता तिच्या खांद्यांवर होते, आणि जे तिच्यात येत होतं ते तिच्यातून आईत जात होतं.

"आलं गं मालू," आंबूबाई वरून म्हणाली. आवाजातली खसखस कमी झाली होती. "गरम हाय. आमटीगत."

"पी. पोटभर पी."

"तू कुठं हायस?"

"इथेच आहे. तुझ्या पायाशी."

जयमाला रडत होती आणि हसतही होती. कितीतरी दिवसांनी तिला स्वतःचा राग येत नव्हता. आपण आधीच यायला पाहिजे होतं, इतकंच तिला वाटत होतं. आईच्या टाचांच्या भेगा तिच्या मानेला टोचत होत्या आणि ते टोचणंही तिला बरं वाटत होतं.

फटीतून बॅटरीचा उजेड आत आला. साहेब पुन्हा वाकून बघत होते.

"बाई? आत गेलात होय?" उजेड तिच्या तोंडावरून वर आईच्या पायांकडे गेला, पुन्हा खाली तिच्या पायांकडे आला. "हां, आता कसं बरोबर झालं. पाय तुमचे खाली, आईचे तुमच्यावर. आता सरळ बघितलं तरी थरच दिसतोय. उगाच मघापासून घोळ घातलात."

जयमालाने आईची पावलं आणखी घट्ट धरली. मैदानात आता खरोखरच थर होते, आणि ती सगळ्यात खालच्या थरात होती. सगळ्यात खालच्या थराचं काम काय असतं, ते ती दरवर्षी शिकवायची. त्या वेळी ती फळ्यावर एका पेशीच्या दोन करायची, खालून वर एक लांब बाण काढायची आणि पोरं तो मुकाट्याने उतरवून घ्यायची.

उजेड गेला. वर बाजाराला रंग चढला होता. वजनं तागडीत पडत होती, कुणीतरी भाव पाडत होतं, मेथीवाली ओरडत होती. आपण हललोच नाही तर, असं जयमालाला वाटलं. नुसतं उभं राहायचं, श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. आई पीत राहील, मी उभी राहीन. तिने डोळे मिटून घेतले.

दुपार कलली तेव्हा तिच्या कमरेभोवती काहीतरी आवळायला लागलं. परकराची नाडी कुणी हळूहळू ओढावी, तसं. दुखत नव्हतं. नाडी आणखी आवळली, आणखी आवळली, आणि मग एकदम सैल सुटली. जयमालाला हलकं वाटलं. तिने पायांनी जमीन चाचपून पाहिली. तळव्यांना जमीन लागली नाही, केस लागले.

तिने मान वाकवून खाली पाहिलं. तिच्या पायांखाली एक डोकं होतं. डावीकडे पाडलेला भांग, कानामागे काळा चिमटा, जसा ती स्वतः रोज सकाळी लावायची.

"मालू," आंबूबाई वरून म्हणाली, "मला वर का ढकलतीयास गं?"

"मी नाही ढकलत, आई."

तिने आईच्या पावलांना घट्ट धरून खाली ओढलं. पावलं तिच्या हातांत राहिली, पण तीच वर निघाली होती, सावकाश, आईला खांद्यावर घेऊन. बाजार उठत होता. टेम्पो मागे घेतल्याचे आवाज येत होते, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला खराटा चालू झाला होता. खालून दोन हात वर आले, त्यांनी जयमालाची दोन्ही पावलं मायेने धरली आणि आपल्या खांद्यांवर टेकवली.